पोपटांना हाकललं का नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सोनपाठी सुतार पक्ष्यांच्या ढोलीत पोपट घुसले तेव्हा तुम्ही खालीच उभे होतात, मग हाकललं का नाहीत? पुण्यात आमच्या कॉलनीत, पक्षी बघणाऱ्यांत, घरच्या लग्नातसुद्धा हे विचारून झालंय.

हाकलून काय झालं असतं? पोपट परत आलेच असते. मी टाळ्या वाजवत राहिलो असतो तर सुतारही ढोलीकडे फिरकले नसते. आणि पोपट कुठून बाहेरून आलेले नाहीत. त्यांना सुतारांसारखं खोड कोरता येत नाही, बहुतेकदा आयती ढोली लागते. हे सांगताना माझा आवाज चढतो, तेही मला कळतं.

मार्च महिना होता. गुलमोहराच्या वाळक्या फांदीत जोडीने आळीपाळीने ढोली कोरली होती. नराचा अख्खा माथा लाल, मादीच्या कपाळावर काळ्यावर पांढरे ठिपके; त्यामुळे आत कोण, बाहेर कोण ते कळायचं. सुतार आत काटक्या-गवत नेत नाहीत, अंडी लाकडाच्या भुशावरच. सकाळी पोपटीण आत शिरली आणि तो भुसा बाहेर पडू लागला. त्यातून कवचाचा तुकडा आला. पांढरा, चकचकीत, आतून ओला. मला तो उचलवला नाही.

संध्याकाळी नर आला. सुतारांमध्ये रात्री अंड्यांवर नर बसतो, त्याची झोपही तिथेच. शेपटी टेकून तो ढोलीखाली चिकटला, मान वर केली, तर आतून लाल चोच पुढे आली. फांदीला वळसा घालून मागे गेला, पुन्हा पुढे आला, पुन्हा तीच चोच. अंधार पडेस्तोवर हेच. मग ओरडत उडाला. ती रात्र त्याने कुठे काढली असेल, हे अजून डोक्यातून जात नाही.

तेव्हाच्या वहीत मी 'निसर्गक्रम' असा शेरा मारलाय. आज तो पटत नाही. पावसाळ्याआधी आमच्याकडे वाळक्या फांद्या सरसकट उतरवतात. त्यांच्याबरोबर जुन्या ढोल्याही जातात आणि पोपट, साळुंक्या, पिंगळे उरल्यासुरल्या भोकांवर तुटून पडतात. यात निसर्गाचं किती, आपलं किती? पण म्हणून दगड उचलायला हवा होता, हेही पटत नाही. पोपटीणही अंडी घालायलाच आली होती.

त्या जोडीने पुढे त्याच झाडावर दुसरी ढोली कोरायला घेतली. मे महिन्यात फांद्या तोडणारे आले, तेव्हा मी शिडीसमोर उभा राहिलो आणि ती फांदी वाचली. हे मात्र कोणी विचारत नाही.