अर्धवट रिसिव्हर: स्पीकरकडून अँटेनाकडे

अर्धवट राहिलेला होमब्रू (घरी बांधलेला) रेडिओ प्रोजेक्ट बहुतेक वेळा एकाच जागी अडकलेला असतो. ऑसिलेटर (फ्रीक्वेन्सी तयार करणारं सर्किट) सरकतो, फिल्टरची कॉइल गुंडाळायची राहून जाते, नाहीतर मॉस्फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) जळतो आणि नवा येईपर्यंत डबा माळ्यावर जातो. उरलेलं सर्किट ठणठणीत असू शकतं. त्यामुळे सगळं उकरून नव्याने बांधायच्या आधी अडलेली जागा शोधावी. उदाहरणाला ७ मेगाहर्ट्झचा डायरेक्ट कन्व्हर्जन (अँटेनाचा सिग्नल थेट ऑडिओत उतरवणारा) रिसिव्हर घेऊ: मिक्सरला, म्हणजे अँटेनाचा आणि ऑसिलेटरचा सिग्नल मिसळायला, एनई६०२ आयसी, ऑडिओला एलएम३८६.

पहिलं काम सप्लाय न देता. समोरच्या बोर्डवर जे आहे त्याचं सर्किट कागदावर काढा. मूळ आकृतीवर विसंबू नका. बांधताना दोन कपॅसिटर बदललेले असतात आणि ते कुठेच लिहिलेले नसतात. काळवंडलेला सोल्डर पुन्हा तापवून घ्या, जुना फ्लक्स आयसोप्रोपिलने पुसा. मग सप्लाय आणि ग्राउंड यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. इलेक्ट्रोलिटिक चार्ज होत जाईल तसा आकडा काही शे ओहमच्या वर चढत गेला पाहिजे. दहा-वीस ओहमवर अडला तर शॉर्ट शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सप्लायला करंट लिमिट असेल तर ५० मिलिअँपिअरवर ठेवा. नसेल तर १०० ओहम, २ वॉटचा रेझिस्टर सिरीजमध्ये घाला. रेडिओ शांत असताना एनई६०२ साधारण २.४ मिलिअँपिअर घेतो, एलएम३८६ चारच्या आसपास आणि रेग्युलेटर आणखी थोडे. सगळे मिळून १० ते १५ भरले तर ठीक. ४०-५० दिसले तर एखादी आयसी उलटी बसली असेल, नाहीतर गेलेली असेल. इथे एक नेहमीची फसगत होते. बोर्ड बांधला तेव्हा ९ व्होल्टची बॅटरी होती, आता टेबलावर १३.८ व्होल्टचा सप्लाय आहे. एनई६०२ ची मर्यादा ८ व्होल्ट, म्हणून तिला ७८एल०६ हवाच. एलएम३८६एन-१ चं रेटिंग १२ व्होल्टपर्यंतचं आहे, १३.८ वर चालवायचं तर एन-४ वापरा.

आता स्पीकरपासून मागे चला. एलएम३८६ च्या पिन ५ वर सप्लायच्या निम्मे व्होल्ट मिळायला हवेत. पिन ३ ला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून धातूला बोट टेकवलं की गुणगुण आली पाहिजे. पिन १ आणि ८ मोकळ्या असतील तर गेन २०. मध्ये १० मायक्रोफॅरड टाकला की २००. डायरेक्ट कन्व्हर्जनमध्ये जवळजवळ सगळा गेन ऑडिओतच असल्यामुळे २०० लागतो, आणि तिथूनच फटफटीसारखा आवाज नाहीतर शिट्टी सुरू होते. औषध ठरलेलं आहे: पिन ६ ला अगदी चिकटून १०० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड, पिन ७ वरून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड, पिन ५ वरून ग्राउंडला १० ओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये. स्पीकरची ग्राउंड तार थेट पिन ४ पाशी आणा. मिक्सरच्या ग्राउंडवरून फिरवून आणली तर वरचे सगळे कपॅसिटर घालूनही शिट्टी जात नाही.

मिक्सरला फार वेळ देऊ नका. ६ व्होल्टवर पिन १ आणि २ ला सुमारे १.४ व्होल्ट, पिन ४ आणि ५ ला सुमारे ४.८ व्होल्ट असले की आयसी जिवंत आहे.

खरी गाडी अडते ती ऑसिलेटरपाशी. टी५०-२ म्हणजे लाल टोरॉइड (कॉइलचा कडीसारखा कोर) सहज हाताशी असतो म्हणून व्हीएफओला, म्हणजे फ्रीक्वेन्सी बदलता येणाऱ्या ऑसिलेटरला, वापरला जातो. त्या कोरच्या मिश्रणाचा तापमान गुणांक ९५ पीपीएम (दहा लाखांत ९५) प्रति अंश आहे. इंडक्टन्स जितका बदलतो त्याच्या निम्म्या प्रमाणात फ्रीक्वेन्सी बदलते, म्हणजे ७ मेगाहर्ट्झवर एका अंशाला सुमारे ३३० हर्ट्झ. पिवळ्या टी५०-६ चा गुणांक ३५ पीपीएम, म्हणजे तिथे सुमारे १२० हर्ट्झ. त्यात टँकमध्ये (फ्रीक्वेन्सी ठरवणारी कॉइल-कपॅसिटरची जोडी) एक्स७आर, म्हणजे तापमानाने बदलणारा सिरॅमिक, कपॅसिटर असेल तर बाकी खटाटोप व्यर्थ. तिथे फक्त सी०जी (एनपी०) किंवा पॉलिस्टायरीन. कोर बदलला की वेढे पुन्हा मोजा: नॅनोहेन्रीतल्या इंडक्टन्सला कोरच्या एएल ने (एका वेढ्याचा इंडक्टन्स, नॅनोहेन्रीत) भागून वर्गमूळ घ्या. टी५०-२ चा एएल ४.९, टी५०-६ चा ४.०. तार भोकातून जितक्या वेळा जाते तितके वेढे. बाहेरून मोजणारे हमखास एकाने चुकतात.

सरकणाऱ्या व्हीएफओला कंटाळून एसआय५३५१ (प्रोग्रामने फ्रीक्वेन्सी देणारी चिप) बसवणं हा आज सर्वात शहाणपणाचा मार्ग आहे, पण तो थेट जोडायचा नाही. त्याचा आउटपुट सुमारे ३ व्होल्टचा चौकोनी असतो आणि एनई६०२ ला पिन ६ वर २००-३०० मिलिव्होल्ट पीक-टू-पीक पुरतात. १ किलोओहम सिरीजमध्ये, १०० ओहम ग्राउंडला, आणि मधल्या बिंदूवरून १० नॅनोफॅरडने पिन ६ ला. दर सेकंदाला टकटक ऐकू आली तर दोष प्रोग्रामचा: एन्कोडर (ट्यूनिंगची खुंटी) फिरलेला नसतानाही चिपला फ्रीक्वेन्सी पुन्हा पुन्हा लिहिली जाते आहे.

कॉइलबद्दल आणखी एक. सोल्डर चकचकीत दिसतो आणि खाली एनॅमल तसंच असतं. टोकं ब्लेडने खरवडा आणि कंटिन्युइटी पॅड ते पॅड तपासा, तारेवर प्रोब टेकवून नाही.

अँटेना लावल्यावर हम आला तर आधी बॅटरीवर चालवून पाहा; हम गेला तर दोष मेन्स सप्लायकडे. डायल कुठेही नेला तरी तेच ब्रॉडकास्ट स्टेशन ऐकू येत असेल तर अँटेनाला १ किलोओहमचा पॉट (व्हेरिएबल रेझिस्टर) लावून सिग्नल कमी करा. कानाला कमी ऐकू येईल, पण हवं ते ऐकू येईल.

ट्रान्समीटर अर्धवट असेल तर लायसन्स हाती असलं तरी पहिले तास डमी लोडवरच, म्हणजे अँटेनाऐवजी लावलेल्या रेझिस्टरवर. १ किलोओहम, १ वॉटचे २० फिल्म रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम आणि २० वॉट. वायरवाउंड नको, ती स्वतःच कॉइल असते. स्कोपवर पीक-टू-पीक व्होल्टेजचा वर्ग करून ४०० ने भागा. ५ वॉटला सुमारे ४५ व्होल्ट दिसतात. लो पास फिल्टरला २७०, ६८०, ६८०, २७० पिकोफॅरड आणि टी३७-६ वर २१, २४, २१ वेढे हे सिद्ध झालेलं माप आहे. नॅनोव्हीएनएवर (फिल्टर मोजायचं छोटं यंत्र) ७ मेगाहर्ट्झला अर्ध्या डेसिबलच्या आत नुकसान आणि १४ ला किमान ३० डेसिबल घट दिसली पाहिजे. आयआरएफ५१० (ट्रान्समीटरचा पॉवर मॉस्फेट) बसवताना टॅब म्हणजे ड्रेन हे विसरू नका, अभ्रकाची चकती घाला. बायसचा प्रीसेट (गेटचे व्होल्ट ठरवणारा छोटा पॉट) ग्राउंडच्या टोकाला नेऊनच सप्लाय द्या. गेट २ ते ४ व्होल्टमध्ये कुठेतरी उघडतो आणि तिथून पुढे प्रीसेट जरासा जास्त फिरला की करंट अँपिअरमध्ये जातो.

मध्येच थांबावं लागलं तर डब्यावर चिठ्ठी चिकटवा, आणि तीत आकडे हवेत: "१२ व्होल्ट, १३ मिलिअँपिअर, ऑडिओ ठीक, पिन ६ वर २८० मिलिव्होल्ट, इनपुट कॉइल राहिली". नुसतं "चालत नाही" लिहिलेल्या चिठ्ठीतून पुढच्या वर्षी काही कळत नाही. आणि प्रोजेक्ट मोडीतच काढायचा असेल तर व्हेरिएबल कपॅसिटर, क्रिस्टल, टोरॉइड आणि कनेक्टर काढून घ्या, टोरॉइडवर वेढ्यांची संख्या आणि रंग लिहा. पाय आखूड झालेले सिरॅमिक कपॅसिटर काढत बसू नका.