सुपारी, फर्माईश आणि बतावणी

ढोलकी शिकायला येणारी मुले आणि जत्रेत भेटणारे जुने रसिक मला एकच प्रश्न दोन बाजूंनी विचारतात. मुलांचे म्हणणे असे असते, "मास्तर, गण, गौळण, बतावणी, वग हा क्रम ठरलेलाच आहे, तर त्यात आम्ही नवीन काय करायचे?" जुन्या माणसांचा सूर वेगळा असतो. "तुम्हीसुद्धा सिनेमाची गाणी वाजवायला लागलात, मग तुम्हीही विकले गेलात असे समजायचे का?" तासगाव तालुक्यात राहून अठ्ठावीस वर्षे मी ढोलकी-फडाच्या तमाशात वाजवत आलो आहे. फड म्हणजे तमाशाचा संच, गण म्हणजे सुरुवातीचे गणेशाचे नमन, गौळण म्हणजे कृष्णाने गवळणींना वाटेत अडवण्याचा प्रसंग, बतावणी म्हणजे सरदार आणि सोंगाड्या यांचा विनोदी संवाद, आणि वग म्हणजे शेवटचे सलग कथानाट्य. या प्रश्नाचे उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, आणि दिले तर त्यात कोणावर तरी अन्याय होतो, म्हणून ते लिहून काढतो आहे.

ज्या चौकटीबद्दल आपण बोलतो ती अनादी काळापासून चालत आलेली नाही, हे आधी सांगितले पाहिजे. तमाशातला पहिला वग म्हणून ओळखला जाणारा ‘मोहना-बटाव’ १८६५ साली उभा राहिला आणि तो उभा करणारे उमा-बाबाजी सावळजकर हे माझ्याच तालुक्यातल्या सावळजचे. त्याआधी गण, गौळण आणि लावण्या होत्या. रात्रभर चालणारे सलग कथानक नव्हते. त्याच्या बावीस वर्षे आधी, १८४३ साली, विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले होते. म्हणजे आज जो वग गाळला तर आम्हाला परंपरा बुडाल्यासारखे वाटते, तो कधीकाळी याच मातीतल्या माणसांनी केलेला धाडसी बदल होता. गण-लावणी ऐकायला आलेल्या तेव्हाच्या श्रोत्याला त्या लांबलचक गोष्टीने आधी कोड्यात टाकले असेल, असे मला नेहमी वाटते.

या सांगली जिल्ह्यातली आणखी दोन नावे या प्रश्नाशी थेट जोडलेली आहेत. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव (१८६६ ते १९४५), यांनी ब्राह्मणाचे घर आणि कुलकर्णीपण मागे टाकून फड धरला. जातीची चौकट त्यांनी मोडली, पण तमाशाची मोडली नाही. गण, गौळण, लावणी आणि वग याच साच्यांत ते आयुष्यभर रचना करत राहिले आणि त्या साच्यांत त्यांची प्रतिभा कुठेही अवघडलेली दिसत नाही. त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे यांनी नेमके उलटे केले. त्यांनी गणातली गणेशस्तुती काढून तिथे मायभूमी आणि शिवराय आणले, गौळण वगळली आणि जे उरले त्यातून कामगारांचे लोकनाट्य घडवले. एकाने चौकट जपली, दुसऱ्याने ती बदलली, आणि दोघांपैकी कोणालाही विकला गेला असे म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. तेव्हा चौकट पाळली की मोडली, या कसोटीवर माणूस विकला गेला की नाही हे ठरत नाही.

पैशावरूनही ते ठरत नाही. तमाशा सुपारीवर चालतो, म्हणजे गावाने पैसे ठरवून बोलावलेल्या कार्यक्रमावर. दसऱ्यानंतर फड बाहेर पडतो, चैत्र-वैशाखाच्या जत्रांत त्याची खरी कमाई होते, आणि त्या कमाईवर चाळीस-पन्नास माणसांच्या घरातली चूल पेटते. सुपारी घेणे हा आमच्या कलेला लागलेला डाग नाही. याच व्यवहारावर ती जगली आहे. कलावंताने उपाशी राहून कला सांभाळावी ही अपेक्षा बहुतेक वेळा महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी माणसे करतात, आणि मला तिचा राग येतो.

मग ठरते कशावरून, हे मला दोन रात्रींनी शिकवले.

पहिली रात्र आमच्याच हौसेची होती. आम्ही चार-पाच तरुण होतो, जुन्या क्रमाला कंटाळलो होतो, आणि फडाच्या प्रमुखाला, म्हणजे सरदाराला, गळ घालून आम्ही गण-गौळण गाळून थेट वगाला हात घातला. माघाची थंडी होती. माणसे अजून ट्रॉल्यांतून उतरत होती, बायका पोरांसाठी घोंगड्या अंथरत होत्या, आणि रंगमंचावर राजा दरबारात बोलू लागला होता. त्याचे कोणी ऐकेना. त्याहून वाईट गोष्ट ढोलकीची झाली. दवाने चामडे सैल पडते, शाई लावलेल्या तोंडाचा स्वर उतरतो. गणाच्या आधी आणि गण चालू असताना दोरीच्या कड्या सरकवत ढोलकी गायकाच्या सुराला आणायची असते, हलगीवाल्याने हलगी शेकून आणलेली असते, मागे सूर धरणारे सुरत्ये ‘जी जी’ ओढताना आपला गळा तापवत असतात. आम्ही देवाचे नमन तेवढे गाळले अशा समजुतीत होतो, प्रत्यक्षात अख्ख्या फडाची आणि अख्ख्या गावाची बैठक जमण्याचा वेळ आम्ही गाळला होता. तो वग पहाटेपर्यंत लंगडत गेला. गण का असतो, हे मला कोणत्याही गुरूपेक्षा त्या रात्रीने नीट सांगितले. तेव्हापासून चौकटीतली एखादी गोष्ट काढायची झाली तर ती कोणते काम करते आहे हे मी आधी पाहतो.

दुसरी रात्र सात-आठ वर्षांपूर्वीची आहे. सुपारी देणाऱ्या गावाने अट घातली होती की गण पाच मिनिटांत उरकावा, बतावणी नको, आणि फर्माईशीची गाणी सुरू करावीत. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, फडावर कर्ज होते, आम्ही अट मान्य केली. एकामागून एक सिनेमाची गाणी झाली. ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड पुढे, मी मागे. लोक नाचले, नोटा आल्या, गाव खूश होते, आणि मला त्यांचा दोष वाटत नाही, कारण त्यांनी जे मागितले ते त्यांना मिळाले. सिनेमाचे गाणे हलके असते असेही मी मानत नाही. त्यांतली कित्येक गाणी ढोलकीच्या ठेक्यावरच उभी आहेत. पण परत येताना टेम्पोत बसल्यावर माझ्या लक्षात आले की रात्रभरात मी एकदाही सोंगाड्याच्या, म्हणजे आमच्या विनोदी नटाच्या, तोंडाकडे पाहिले नव्हते.

ही गोष्ट बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटेल, म्हणून ती नीट सांगायला हवी. बतावणीत सरदार आणि सोंगाड्या यांचे बोलणे लिहिलेले नसते. त्या गावचा पाण्याचा तंटा, उसाच्या बिलाचा घोळ, पुढे बसलेल्या पाटलाचा फेटा, जे त्या दिवशी समोर असेल ते सोंगाड्या उचलतो, आणि त्याच्या वाक्याचा शेवट कुठे पडणार हे त्यालाही आधी ठाऊक नसते. ढोलकीवाल्याने तो शेवट एका श्वासाआधी ओळखून तिथे थाप टाकायची असते. चुकली तर हशा विरतो, साधली तर सगळा तंबू एकदम उसळतो. वगातही कथानक ठरलेले, पदे बांधलेली, पण संवाद पुष्कळसा जागेवरच घडतो. आमच्या कलेतले स्वातंत्र्य इथे असते. बाहेरून जी चौकट ताठ दिसते तिच्या आत ही मोकळी जागा राखलेली आहे, आणि क्रम पक्का असल्यामुळेच ती जागा निर्धास्तपणे वापरता येते. पुढे काय येणार हे सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे आत्ता काय होते आहे याकडे कान लागतो. फर्माईशीच्या रात्री मी चौकटीतून सुटलो होतो, आणि तरीही माझा प्रत्येक ठोका ध्वनिमुद्रिकेने आधीच ठरवून ठेवला होता. त्या रात्री मी विकले काय, तर पुढचा ठोका माझा मी ठरवण्याचा अधिकार विकला.

मुलांच्या प्रश्नाचे उत्तर मी एका गौळणीने देतो. आमच्या फडाने तीन वर्षांपूर्वी मथुरेच्या बाजाराची वाट तशीच ठेवून वाटेत दूध संकलन केंद्र आणले. कृष्ण आणि पेंद्या गवळणींना अडवून दाण, म्हणजे वाटेची जकात, मागत नाहीत, दुधाचे फॅट मोजतात, आणि गवळणींची म्होरकी मावशी त्यांना फॅट कमी का लागले याचा जाब विचारते. आमच्या भागात दिवसातून दोनदा डेअरीत किटली घेऊन जाणारी बाई त्या मावशीच्या मागे अशी उभी राहिली की मला ढोलकीवरची थाप दोन-दोन श्वास थांबवावी लागली. वाट अडवणे, मावशीचा तोरा, पेंद्याचा भाबडेपणा यांतले काहीही आम्ही काढले नव्हते, म्हणूनच नव्या गोष्टीचा अर्थ सत्तरीच्या आजीलाही सांगावा लागला नाही.

जुन्या रसिकांना मी एवढेच सांगेन की मी सिनेमाची गाणी आजही वाजवतो आणि त्याचे पैसे घेतो. फक्त गेल्या तीन हंगामांपासून सरदारांनी आणि मी मिळून सुपारी घेतानाच दोन गोष्टी बोलून घ्यायला सुरुवात केली आहे. गणाला पाव तास मिळाला पाहिजे आणि बतावणीला कात्री लागणार नाही. वगाआधी गाणी हवी तेवढी मागा. यंदा या अटीवर दोन गावांनी सुपारी परत घेतली. तिसऱ्या गावाने बरीच घासाघीस करून ती मान्य केली, आणि तिथली बतावणी ठरल्यापेक्षा चाळीस मिनिटे जास्त चालली.