बुरशी कुठनं आली?

केमोच्या पोरांना फुफ्फुसात होणाऱ्या बुरशीबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. बेळगावात लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर होते. निवृत्त झाले तरी ओळखीपाळखीतून फोन येतात आणि प्रश्न बहुतेक वेळा तोच असतो. रक्ताच्या कॅन्सरचं पोर केमो घेतंय, ताप काही उतरत नाही, सीटी स्कॅन होतो आणि डॉक्टर सांगतात, फुफ्फुसात बुरशी दिसतेय. मग आई हळूच विचारते, "सिस्टर, रोज फिनेलनं फरशी पुसत होते. पाणी उकळून देत होते. तरी बुरशी कुठनं आली?" पाठीमागं सासू उभी असली की आवाज आणखी खाली जातो.

हवेतून आली, बाई. ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू जेमतेम दोन-तीन मायक्रॉनचे असतात. तुमच्या-माझ्या नाकातून ते रोज शेकड्यानं आत जातात, थेट फुफ्फुसाच्या तळाशी. आपल्या पांढऱ्या पेशी तिथंच त्यांचा फडशा पाडतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. केमोनं न्यूट्रोफिल, म्हणजे या राखणदार पांढऱ्या पेशींचा काउंट, 500 च्या खाली गेले आणि दहा-बारा दिवस तिथंच राहिले, की राखण उठलेल्या शेतासारखी गत होते. बीजाणूला तंतू फुटतात, ते रक्तवाहिनीत घुसतात. थुंकीत रक्त दिसतं ते त्यामुळं. यात फरशीचा संबंध येतो कुठं? आणि ही एकाची दुसऱ्याला लागत नाही. पोराचं ताट-वाटी बुरशीच्या भीतीनं वेगळी काढणाऱ्या घरांचा मला मनापासून राग येतो.

काळजी घ्यायची ती धुळीची. आमच्याकडं ती नाना तऱ्हेची. खानापूरच्या बाजूला पावसाळाभर भिंतींना ओल आणि माळ्यावर भाताचं पिंजर. अथणी-चिकोडीकडं कडब्याची गंजी, उसाची चिपाडं, कारखान्याजवळ बगॅसचे, म्हणजे रस काढलेल्या उसाच्या चोथ्याचे ढीग. ओलं होऊन कुजलेलं गवत हलवलं की बीजाणूंचा लोट उठतो. जुनं कौलारू घर पाडताना, भिंत फोडताना तेच. म्हणून काउंट खाली असेपर्यंत गोठा, उकिरडा, गुऱ्हाळ बंद, आणि घराचं काम काढायचं नाही. अंगणात मोकळ्या हवेत बसलं तर बसू दे की.

एक वेगळी गोष्टही सांगते. काही पोरांना कॅन्सर नसतो, काउंटही भरपूर असतो, पण त्या पेशींना जंतू मारताच येत नाहीत. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज म्हणतात त्याला. हा जन्मजात दोष आहे, फार क्वचित आढळणारा. असं पोर कुजलेल्या गवतात, खतात खेळून आलं की काही दिवसांत धाप लागून आजारी पडू शकतं. याचे काही प्रकार आई-बाप दोघांकडून दोष आला तरच होतात, आणि आपल्याकडं मामाच्या घरची सोयरीक अजून कौतुकाची; नात्यात लग्न झालं की दोघांकडं तोच दोष असण्याची शक्यता वाढते. पोराला वारंवार गळवं, न्यूमोनिया होत असेल, तर डॉक्टरांना सोयरीक सांगायला लाजू नका.

आता तापाचं. केमोच्या पोराला 38 म्हणजे थर्मामीटरवर 100.4 ताप दिसला, तर गावात सुई टोचून, पॅरासिटॅमॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री निघायचं. आधी जंतूंचं अँटिबायोटिक सुरू होतं. चारेक दिवसांत ताप हटला नाही, तर डॉक्टर बुरशी शोधायला लागतात. पेशीच नसल्यामुळं सूज कमी, कफ कमी. कधी कोरडा खोकला नाहीतर श्वास घेताना छातीत कळ, एवढंच. एक्स-रे साफ दिसतो आणि सीटीत गाठी सापडतात. म्हणून "एक्स-रे चांगला आहे, मग सीटी कशाला" म्हणून भांडू नका.

बुरशीवरच्या व्होरिकोनॅझोलच्या गोळ्या आठवडेच्या आठवडे चालतात. मुलांचं शरीर हे औषध मोठ्यांपेक्षा लवकर संपवतं, म्हणून किलोमागं डोस जास्त लागतो आणि रक्तातली पातळी तपासतात. पोर म्हणतं रंग वेगळेच दिसतात; घाबरू नका, डॉक्टरांना सांगा. उन्हानं कातडी भाजते, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला.

सगळ्यात जास्त धास्ती मला वाटते ती आपल्या सीमाभागातल्या सवयीची. केमो बेळगावात, ताप आला की पाहुण्यांच्या ओळखीनं मिरजेत, नाहीतर कोल्हापुरात. रक्ताच्या कॅन्सरच्या केमोत व्हिन्क्रिस्टीनचं इंजेक्शन असतं. व्होरिकोनॅझोल चालू असताना ते शरीरात साठून राहतं; पोट गच्च बांधलं जातं, पायातली ताकद जाते, कधी झटकेही येतात. केमो देणाऱ्याला बुरशीची गोळी माहीत हवी आणि गोळी देणाऱ्याला केमो. फाईल घरी राहिली तर निदान गोळ्यांची पट्टी पिशवीत टाका, आणि पुढच्या इंजेक्शनच्या दिवशी कुणी विचारायच्या आधीच ती डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.