गेमिंग पीसी जोडला, पण निम्मा पावसाळा बायोसनं खाल्ला

ज्यांना नुसती पार्टची यादी पाहिजे त्यांच्यासाठी ती आधीच देऊन टाकतो. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० रॅम, ५०० जीबीचा एनव्हीएमई एसएसडी, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, ५५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय, पुढं जाळी असलेला साधा कॅबिनेट. २०२४ मधले भाव आहेत, सगळं मिळून पन्नास हजाराच्या जरा वर गेलं, मॉनिटर घरातलाच जुना. आता हीच यादी घेऊन दुकानात गेलात तर रॅमचा भाव ऐकून खाली बसाल, पण ते वेगळं दुखणं.

जोडणं अवघड नाही. एक चांगला फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर आणि एक रिकामी दुपार, बास. ५६०० सोबत जो फॅन येतो तो स्क्रूचा असतो, त्यासाठी बोर्डावरचे प्लास्टिकचे दोन ब्रॅकेट काढायचे आणि मागची पट्टी पडू द्यायची नाही एवढंच. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस मात्र लावू नका, तिथं पैसे वाचवणारे नंतर कार्ड घेऊन रडत येतात.

तर सगळं जोडलं, बटण दाबलं, फॅन फिरले, लायटा लागल्या आणि स्क्रीन काळी. बोर्डाच्या कडेला चार बारके दिवे असतात, सीपीयू म्हणजे प्रोसेसर, डीरॅम, व्हीजीए, बूट. त्यातला सीपीयूचा लागला तो विझायलाच तयार नाही. मला तेव्हाच डाउट आला, कारण बी४५० बोर्ड आले २०१८ ला आणि रायझन ५००० आले २०२० च्या शेवटाला. म्हणजे बोर्ड बरेच दिवस गोडाऊनमध्ये पडून असला तर त्यातला बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, जुना असणार आणि जुन्या बायोसला हा प्रोसेसर ओळखूच येत नाही. यात खराब काहीच नाही, नुसता बायोस अपडेट पाहिजे. पण गंमत अशी की अपडेट करायला मशीन चालू व्हावं लागतं आणि मशीन चालू व्हायला अपडेट लागतं. महागड्या बोर्डांना प्रोसेसर नसताना पेनड्राइव्हवरनं बायोस टाकायचं बटण असतं, माझ्याला नव्हतं.

राजारामपुरीतल्या ज्या दुकानातनं बोर्ड घेतला तिथं गेलो. मालक म्हणाले, "प्रोसेसर खराब असंल बघा." प्रोसेसर दुसऱ्या दुकानातला, ते म्हणाले, "आमचा प्रोसेसर कधी खराब निघत नाही दादा, बोर्डच गेलाय." मी म्हटलं अहो दोन्ही चांगलं आहे, एखादा जुना रायझन लावून बायोस तेवढा टाकून द्या की. तर "जुना पीस ठेवत नाही, सील फुटलं की सर्व्हिस सेंटर."

आता सर्व्हिस सेंटर म्हणजे काय, तर कोल्हापुरात नुसता माल गोळा करायचा काउंटर आणि रिपेरी सगळी पुण्यात. पहिल्यांदा गेलो तर बिलावर सिरीयल नंबर नाही म्हणून परत पाठवलं, बिलावर नुसतं "मदरबोर्ड १ नग" लिहिलेलं. परत दुकानात, मालक जेवायला गेलेत, संध्याकाळी या. सुधारून घेतलेलं बिल घेऊन गेलो तर काउंटरवरच्या पोरानं फॉर्म पुढं केला. त्यात तक्रारीचे तीनच रकाने, डेड, नो डिस्प्ले, फिजिकल डॅमेज. मी म्हटलं यातलं काहीच नाही, बायोस जुना आहे तेवढा अपडेट करा. "सर, तसा ऑप्शन नाही, नो डिस्प्लेवर टिक करा." टिक केली. खाली मोकळ्या जागेत मोठ्या अक्षरात लिहिलं, फक्त बायोस अपडेट करणे. पोरगं म्हणालं, "ते कोण वाचत नाही, पण असू दे."

मग वाट बघणं. फोन केला की "टेस्टिंगला आहे". पुढं पुढं "पाऊस लय हाय, कुरिअर अडकलंय". आता कोल्हापूरच्या माणसाला पावसाचं कारण सांगायचं म्हणजे कमाल आहे. जुलैत सकाळी उठून चहाच्या आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघणारी माणसं आम्ही, पाणी अजून ३९ फुटाच्या इशारा पातळीच्या बरंच खाली, हायवेवर गाड्या सुसाट, आणि ह्यांचंच कुरिअर तेवढं अडकलेलं. इकडं घरी जेवायच्या टेबलावर कॅबिनेट उघडा पडलेला, आई रोज विचारणार, "हे सरकवू का?"

शेवटी बोर्ड आला. सोबत चिठ्ठी, "नो फॉल्ट फाउंड". म्हणजे त्यांनी पुण्यात त्यांच्याकडचा जुना प्रोसेसर लावला, डिस्प्ले आला, काढला आणि परत पॅक केला. प्रोसेसर बसलेला, मशीन चालू, अपडेट करायला अजून दहा मिनिटं लागली असती. पण नो डिस्प्लेची तक्रार होती आणि डिस्प्ले आला, फाईल बंद. पोरगं मला सांगतंय, "बघा सर, बोर्ड ओके आहे." मी तर पहिल्या दिवसापासनं तेच सांगत होतो की राव!

सुटलं कसं, तर शाहूपुरीत एक लॅपटॉप रिपेअरवाले काका आहेत, त्यांच्याकडं जुना रायझन ३ २२००जी पडलेला. त्याच्यात ग्राफिक्स आतच असतं त्यामुळं कार्डसुद्धा लावावं लागत नाही. माझा फॅन त्यांनी आधी हळू डावीउजवीकडं फिरवून सैल केला आणि मगच उचलला, कारण एएम४ मध्ये, म्हणजे या बोर्डाच्या सॉकेटमध्ये, पिना प्रोसेसरला असतात आणि सरळ ओढलं तर फॅन आणि प्रोसेसरच्या मधल्या थर्मल पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधनं उपसून वर येतो. मग पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून कंपनीच्या साईटवरची फाईल टाकली, बायोसमधनं अपडेट. तेवढा वेळ काका स्वतः यूपीएसच्या शेजारी उभे, मधेच लाईट गेली तर बोर्ड खरंच डेड, मग त्या फॉर्ममधला पहिला रकाना भरायचा. प्रोसेसर बदलला, पेस्ट नवी लावली, डिस्प्ले आला. तीनशे रुपये घेतले, मी पाचशे देत होतो तर घेईनात.

म्हणून सांगतो, असा बोर्ड घेताना खोक्यावर "रायझन ५००० डेस्कटॉप रेडी" असा स्टिकर आहे का बघा, नसला तर दुकानातच प्रोसेसर लावून डिस्प्ले दाखवा म्हणा, नाही म्हणाले तर दुसरं दुकान. बोर्ड आणि प्रोसेसर एकाच बिलावर घ्या, शे-दोनशे जास्त गेले तरी चालेल, म्हणजे एकमेकांकडं बोट दाखवायला जागा राहत नाही. बिलावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर तिथंच उभं राहून लिहून घ्या. आणि मॉनिटरची केबल कार्डाला लावा, बोर्डाच्या एचडीएमआयला नाही, ५६०० ला आतलं ग्राफिक्स नसतं त्यामुळं तिथं काही दिसणार नाही.

चालतंय कसं म्हणाल तर नाद खुळा, १०८० पीला व्हॅलोरंट गेम तर लोण्यासारखं.

अरे हां, रॅम राहिली. बोर्डावर चार स्लॉट आणि दोन रॅम असतील तर प्रोसेसरकडनं मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या. आणि बायोस अपडेट केल्यावर एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण स्पीडला चालवायचं बायोसमधलं सेटिंग, बंद होतो, तो परत चालू करा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड बघा, माझा २६६६ दाखवत होता आणि पैसे ३२०० चे दिलेले.