साहेबांचा ओलावा

कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगमध्ये मी हिशेबाला होतो, तेव्हा मॅनेजरसाहेबांना कसं सांभाळावं हे मला चौकीदार काकांनी शिकवलं. तेही नुसत्या आकड्यांत.

सीसीआयची, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाची, खरेदी सुरू झाली की आमच्या यवतमाळकडे लहान पोरालाही हे आकडे पाठ होतात. कापसात ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव. ८ ते १२ मध्ये टक्क्यागणिक कपात. १२ च्या वर गेला की गाडी परत. प्रत तपासणारा ग्रेडर ओलावा मोजायच्या मीटरचे दात कापसात खुपसतो आणि गाडीवाला देवाच्या मूर्तीकडे पाहावं तसा त्या काट्याकडे पाहतो.

काकांनी हाच मीटर साहेबांना लावला होता. आवारात काडी ओढायला सक्त बंदी, त्यामुळे काका तंबाखू मळत फाटकाशी बसत. मी सायकल आत घेतली की खालच्या आवाजात सांगत, "आज चवदा हाये. कायले मरता?" एखाद्या दिवशी, "जा बिनधास्त, नऊ हाये."

सुरुवातीला मी हसण्यावारी नेलं. जानेवारीत घरी तुरी सोंगायला आल्या आणि दोन दिवसांची सुट्टी मागायला मी सकाळी नऊलाच आत गेलो. काट्यावर वीसेक शेतकरी उभे होते. साहेब त्यांच्यासमोर ओरडले, "जिनिंग चालवायची की तुझ्या तुरी सोंगायच्या?" अर्ज चहाच्या बशीखाली गेला. बाहेर आलो तर काका म्हणाले, "सांगतलं होतं ना? साडेतेरा होते."

मग मी शिकलो. भल्या पहाटे वेचलेल्या कापसात दहिवर असतं. तो तसाच विकायला आणला तर मार खातो, दोन घंटे उन्हात पसरला तर सुधारतो. साहेबांचंही तसंच होतं. साडेअकरापर्यंत त्यांना पसरू द्यायचं. गेटपासचा गोंधळ, दाबून बांधलेल्या रुईच्या गठाणींचा मेळ, आदल्या दिवशी सरकी काढून निघालेल्या रुईचा उतारा क्विंटलमागे अर्धा किलो कमी का आला, असली सगळी ओली कामं त्यानंतरच न्यायची. अर्धा किलो म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण १७० किलोच्या गठाणी मोजणाऱ्याला तो दिवसभर टोचतो.

उलटाही धोका असतो, तो कोणी सांगत नाही. कापूस फार वाळला तर जिनात धागा तुटतो. साहेब कधी एकदम गोड झाले, खांद्यावर हात ठेवून "बस, चहा घे" म्हणाले, की त्या आठवड्यात कोणाची तरी पगारकपात ठरलेली असायची. त्या चहापेक्षा मला चवदा बरे वाटत.

एकदा दुपारी बिलांवर सही घ्यायला गेलो, तर साहेब फोनवर होते. उभे राहून. खोलीतला एकुलता एक कूलर त्यांच्याच खुर्चीकडे तोंड करून, तरी मानेवर घाम. "हो शेठ. चूक झाली शेठ. नाही शेठ." फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी बिलं पाठीमागे लपवली. बाहेर येऊन काकांना म्हटलं, "काका, सोळा." काका तंबाखू थुंकून म्हणाले, "ते वरून पानी मारते ना बावा. गंजी कितीक झाका, वल्लीच होते."

ती नोकरी सुटून बरीच वर्षं झाली. आता गावातच माझं कृषी केंद्र आहे. बोंडअळीच्या औषधाची उधारी, कंपनीच्या माणसाचे फोन, बियाण्याच्या तक्रारी. परवा रात्री दुकान बंद करून घरी आलो, चप्पल जरा जोरात काढली. आत पोरगा घटक चाचणीचे पेपर घेऊन उभा असावा. स्वयंपाकघरातून बायकोचा दबका आवाज आला, "आज नको रे. उद्या दुपारी दाखव."

मी तिथूनच विचारलं, "किती आहे?"

आत क्षणभर शांतता. मग पोरगा म्हणाला, "मार्क का तुमचं?"