वॉशच्या खाजणात, बापलेकीच्या मागोमाग

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉरफोक आणि लिंकनशरच्या बेचक्यात, समुद्र जमिनीत चौकोनी घुसला आहे. त्या उपसागराचं नाव वॉश. विथम, वेलंड, नेन आणि ग्रेट ऊज या चार नद्या इथे गाळ आणून टाकतात. ओहोटी लागली की मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो, आणि त्याच्या काठाने खारट पाण्यावर जगणाऱ्या झुडपांचं खाजण पसरलेलं दिसतं. १२१६ साली किंग जॉनच्या सामानाचा काफिला या चिखलात गडप झाला. हिवाळ्यात आइसलंड, ग्रीनलंड आणि सायबेरियातून पक्ष्यांचे प्रचंड थवे इथे उतरतात, आणि त्यांच्यासाठी पहाटे बंदुका घेऊन माणसंही येतात.

मी मूळची निफाडची. नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आमच्या घरापासून जवळ, त्यामुळे थंडीत वडिलांबरोबर पक्षी बघायला जाणं हे दिवाळीइतकंच ठरलेलं. बदक दुर्बिणीतून बघायचं असतं, एवढंच आम्हाला माहीत. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर जन्मलेल्या आमच्या पिढीने बंदूक घेतलेला माणूस पाणथळीत पाहिला तर पोलिसांनाच फोन केला असता. म्हणून पीटरबरोतले आमचे शेजारी जेव्हा म्हणाले, की शनिवारी लेकीबरोबर वॉशवर चाललोय, तुम्हीही या, शिकारीच्या क्लबची परवानगी काढतो, तेव्हा मला ते आधी नकोसंच वाटलं. पण माझा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि पक्षी म्हटलं की त्याला दुसरं काही सुचत नाही. "आई, आपण फक्त बघू ना," तो म्हणाला. ते ऐकून मी तयार झाले.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडं होतं आणि त्यावर वाकली होती पंधरा वर्षांची लेक. बाप चहा करत होता. त्याने तिला एकच विचारलं, "परत कधी फिरायचं?" तिने भरतीची वेळ सांगितली, वारा समुद्राकडून असेल तर पाणी लवकर चढेल म्हणाली, आणि दहाला परत निघायचं ठरवलं. मग माझ्या मुलाला तिने वेळापत्रकावर बोट ठेवून समजावलं. खाजणात पाणी समोरून लाटेसारखं येत नाही. ते आधी खाड्यांमधून शिरतं, तुमच्या पाठीमागच्या खाड्या भरून टाकतं, आणि तुम्ही समुद्राकडे तोंड करून बसलेले असता तेव्हा परतीची वाट बंद झालेली असते. धुकं उतरलं तर किनाऱ्याचा बांध कुठल्या दिशेला आहे हेही कळत नाही, म्हणून गळ्यात होकायंत्र आणि शिट्टी. अशी माहिती मी सहलीच्या आधी कुठल्याही मोठ्या माणसाकडून इतकी नेटकी ऐकलेली नाही.

पहाटे विसबीचवरून सटन ब्रिजला पोहोचलो. तिथे नेन नदीवर १८९७चा फिरता पूल आहे, जहाज आलं की अख्खा पूल आडवा वळतो. तो ओलांडून नदीच्या पूर्व काठाने समुद्राकडे गेलं की एक बुटकं पांढरं दीपगृह लागतं. त्याच्याबद्दल नंतर. गाडी लावली, छातीपर्यंतच्या रबरी विजारी चढवल्या आणि बांधावरून खाली उतरलो. काळोख गच्च, झुडपांवर हिवाचा थर. पुढे लेक, मग कुत्रा, मग आम्ही दोघं, आणि सगळ्यात मागे बाप. आधी मला वाटलं, माहितगार माणूस पुढे हवा. पण ती हातातली काठी आधी चिखलात रोवून बघायची, मग पाय टाकायची, आणि खाडी आली की थांबून मागे वळून सांगायची, "इथे उडी नको, डावीकडून." बाप गप्प. पण माझं लक्ष होतं: प्रत्येक खाडीशी त्याच्या टॉर्चचा झोत तिच्या पायांवर पडायचा आणि ती पार झाली की बाजूला व्हायचा.

एका तळ्याकाठी, खाडीच्या उतरणीवर आम्ही बसलो. तिने प्लास्टिकची काही बदकं पाण्यात सोडली. खरी बदकं खाली उतरावीत म्हणून तर ती असतातच, पण अंतर मोजायलाही उपयोगी. सगळ्यात लांबचं नकली बदक पस्तीस यार्डांवर. त्याच्या फारसं पलीकडे बार टाकायचा नाही, कारण तिथून छर्रे पक्ष्याला मारत नाहीत, जखमी करतात. छर्रेही पोलादी होते. इंग्लंडमध्ये बदकं आणि हंसांवर (इथे हंस म्हणजे गूज, स्वान नव्हे) शिशाचे छर्रे वापरायला १९९९पासून बंदी आहे. चिखलात पडलेले शिशाचे दाणे पक्षी खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. हे सांगताना बाप पहिल्यांदा जरा आवेशाने बोलला. त्याच्या तरुणपणी शिसंच सर्रास वापरात होतं.

मग बसून राहणं. हिवाळ्यातल्या या पहाटेला उजाडायला आठ वाजतात. त्याआधी खाजण नुसतं ऐकायचं असतं. कुठेतरी रेडशँक पक्षी घाबरून ओरडला. तळ्यापलीकडे विजन बदकं शिट्ट्या मारत होती. हीच बदकं थंडीत गोदावरीकाठी येतात आणि आम्ही त्यांना तरंग म्हणतो. मुलाने माझ्या दंडाला चिमटा काढला. त्याला ओळखीचा आवाज सापडला होता.

पूर्वेला जरा फटफटलं आणि पहिला थवा आला तो ब्रेंट हंसांचा. काळे, आखूड मानेचे, पाण्यालगत उडणारे, थेट आमच्या अंगावर. वीस यार्डसुद्धा नसतील. मी डोळे मिटून घेतले. बंदूक वाजलीच नाही. तिने ती उचललीही नव्हती. ब्रेंटला १९५४पासून कायद्याचं संरक्षण आहे, आणि अंधुक उजेडात नुसत्या उडण्यावरून तिने त्यांना केव्हाच ओळखलं होतं. "ज्याचं नाव सांगता येत नाही, त्याच्यावर बंदूक उचलायची नाही," ती माझ्या मुलाला कुजबुजत म्हणाली.

मग पिंकफूट उठले. हे गुलाबी पायांचे हंस आइसलंड आणि ग्रीनलंडमधून येतात, रात्री दूर वाळूच्या दांड्यांवर झोपतात आणि उजाडताच शेतांकडे निघतात. बीट काढल्यावर शेतात पडलेली पानं आणि तुकडे त्यांना फार आवडतात. आधी नुसता गलका, शाळा सुटल्यासारखा. मग आभाळभर रांगा, एकीतून दुसरी फुटणाऱ्या, डोक्यावरून मिनिटामिनिटाला जाणाऱ्या. मुलगा तोंड उघडं टाकून बघत होता. मीही. १९५०च्या सुमारास हे हंस तीसेक हजारांच्या घरात होते, आता पाच लाखांच्या आसपास आहेत. एका रांगेतले काही हंस खाली होते. तिने बंदूक खांद्याला लावली, नळी त्यांच्यासोबत फिरली, आणि मग तिने ती सावकाश खाली घेतली.

"लांब होते," ती म्हणाली.

"हो," बाप म्हणाला. बस, एवढंच.

मला वाटतं मी तिथे जे पाहिलं त्यातलं सगळ्यात मोलाचं तेच. ना शाबासकी, ना हुकलेल्या संधीची हळहळ. निर्णय तिचा होता आणि बापाने तो तिच्याकडेच राहू दिला. आपण मुलांना काय करावं ते फार शिकवतो. करता येत असूनही न करणं कसं असतं, हे शेजारी बसून, थंडीत कुडकुडत, वर्षानुवर्षं दाखवावं लागतं.

साडेआठच्या सुमारास तळ्यावर विजनची जोडी उतरायला आली. या वेळी बार झाला. नर पाण्यात पडला, लॅब्रॅडोर आधीच निघाला होता आणि त्याने तो अलगद आणून तिच्या हातात दिला. तांबूस डोकं, कपाळावर सायीच्या रंगाचा पट्टा. जिवंत विजन मी इतक्या जवळून कधी पाहिलेला नाही. माझ्या पोटात कालवलं, आणि ते अजूनही गेलेलं नाही. मी कधीही बंदूक हातात घेणार नाही. मुलाने विचारलं, "हात लावू?" तिने पक्षी त्याच्या ओंजळीत ठेवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. दहाच्या आधीच ती उठली, नकली बदकं गोळा केली आणि म्हणाली, चला. हंस अजून उडत होते, तरी.

बांधावर चढून दीपगृहापाशी थर्मासमधला चहा प्यायलो. १९३३ ते १९३९ या काळात इथे पीटर स्कॉट राहत होते. दक्षिण ध्रुवाहून परतताना १९१२ साली मरण पावलेल्या कॅप्टन रॉबर्ट स्कॉट यांचा हा मुलगा, तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता. तंबूतून बायकोला लिहिलेल्या शेवटच्या पत्रात त्या बापाने सांगितलं होतं, की जमलं तर पोराला निसर्गाची गोडी लाव. पोराला ती गोडी लागली ती याच किनाऱ्यावर, केंब्रिजला शिकत असताना, बंदुकीसकट. हंस मारता मारता ते त्यांची चित्रं काढू लागले, दीपगृहाभोवती हंस पाळू लागले. १९४६ साली त्यांनी स्लिमब्रिजला पाणपक्ष्यांसाठी संस्था उभारली, १९६१ साली जागतिक वन्यजीव निधीच्या स्थापनेत पुढे होते, आणि त्याआधीच त्यांनी शिकार सोडून दिली होती.

ही सगळी हकीकत मला लेकीने सांगितली. मग बापासमोरच म्हणाली, "कदाचित मीही एक दिवस थांबेन. आत्ता नाही." बापाने तिचा कप पुन्हा भरला.

तुम्हाला बंदुकीशिवाय हे सगळं बघायचं असेल तर वॉशच्या पूर्वेला स्नेटिशॅमचं राखीव क्षेत्र आहे. नोव्हेंबर ते जानेवारीत पहाटे पिंकफूट, आणि उधाणाच्या भरतीला चिखलावरून एकदम उठणारे नॉट पक्ष्यांचे ढग. उधाणाच्या तारखा बघूनच जा, नाहीतर पक्षी लांब चिखलावर ठिपक्यांएवढे दिसतात. आणि कुठेही असा, माहितगार सोबत नसेल तर बांध सोडून खाली उतरू नका.

त्या संध्याकाळी त्यांच्या गॅरेजमध्ये लेकीने माझ्या मुलाला पिसं काढायला शिकवलं. रानहंस विकायला इथे कायद्याने बंदी आहे, जो मारतो त्याने तो खायचा किंवा वाटायचा. विजन विकता येतो, पण त्यांच्या घरी हाच नियम सगळ्यांना लागू. अर्धा पक्षी तिने आम्हाला दिला. मी तो काळ्या मसाल्यात मंद आचेवर शिजवला. मुलाने ताट चाटूनपुसून संपवलं आणि हात धुता धुता विचारलं, की पुढच्या हंगामात त्याला तिच्याबरोबर जाता येईल का. तिला विचार, म्हटलं. तिने सांगितलं, आधी अंधारात आवाज ओळखायला शीक, मग बघू. तिने यादी करून दिली आहे. बंदुकीवरून आमचं भांडण होणार हे मला दिसतंय, पण आवाज शिकायला माझी काहीच हरकत नाही. सध्या आमच्याकडे जेवताना विजन, टील आणि कर्ल्यूच्या शिट्ट्या चालू असतात आणि मुलगा माझीही परीक्षा घेतो.