पितृपंधरवड्यातला रविवार

आमच्या शाळेच्या निसर्ग मंडळाचा वार्षिक मेळावा पितृपंधरवड्यातल्या एखाद्या रविवारी भरत असे. या दिवसांत घरोघरी शुभकार्ये थांबलेली असतात आणि सहामाही परीक्षेलाही थोडा अवकाश असतो. साताऱ्याच्या पश्चिमेला कासच्या पठारावर मात्र याच सुमारास, पाऊस ओसरून शरदाचे ऊन पडू लागताना, रानफुलांचा बहर ऐन भरात आलेला असतो. त्यामुळे सकाळची एस.टी. पकडून, शिदोरी पाठीला लावून, सुमारे पंचवीस किलोमीटरचा घाटरस्ता चढून जाणे हा आमचा नेम झाला. शाळा सुटल्यावरही आमच्यापैकी बरेच जण तो पाळत राहिले.

मंडळ चालवणाऱ्या विज्ञानाच्या बाईंचा नियम एकच होता: फूल तोडायचे नाही आणि त्याचे नाव सर्वांत शेवटी घ्यायचे. कोणी लांबूनच ‘तेरडा’ असे ओरडले, की त्या शांतपणे म्हणत, “नाव राहू दे, काय दिसतं ते सांग.” मग खाली बसून पाहावे लागे. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, देठ गोल आहे की चौकोनी, पाकळ्या सुट्या आहेत की तळाशी जुळलेल्या, फुलामागे शेपटीसारखी मधाची नळी आहे का, हे सगळे सांगून झाले म्हणजे तेरड्याला तेरडा म्हणण्याची मुभा मिळे. त्याची पिकलेली बोंडे बोट लागताच फुटून बिया उडवतात, हे मात्र बाई न सांगता आम्हालाच सापडू देत.

नावांबाबत त्या उदार होत्या. पिवळ्या पाकळ्यांवर दोन लाल ठिपके असलेल्या फुलाला आम्ही मुले मिकी माऊस म्हणत असू आणि जाणकार कवला म्हणत. मंडळाच्या जाडजूड नोंदवहीत दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहिली जात. ते मला आजही योग्य वाटते, कारण माणसे फुलाला ज्या नावाने हाक मारतात ते नावही त्या फुलाच्या माहितीचाच भाग असते.

माझी स्वतःची एक चूक मला अगदी स्पष्ट आठवते. सहावीत असताना मी सोनकीच्या पिवळ्या पाकळ्या मोठ्या काळजीने मोजून वहीत लिहिल्या. बाईंनी काही न बोलता वाऱ्याने पडलेले एक फूल उचलले, पाटीवर ठेवले आणि सुईच्या टोकाने उकलून भिंग माझ्या हाती दिले. काळ्या पाटीवर तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक अशा कितीतरी नळ्या पसरल्या होत्या. प्रत्येकीच्या तोंडाशी पाच दाते होते, आणि काहींच्या तोंडातून दुभंगलेली इवलीशी जीभ बाहेर आलेली होती. मी ज्याला एक फूल समजत होते ती फुलांची अख्खी परडी होती, आणि कडेची एकेक पाकळी म्हणजेसुद्धा एक स्वतंत्र फूल होते. सूर्यफूल, झेंडू आणि शेवंती यांचे कूळ हेच, हे त्या दिवशी समजले, आणि त्यानंतर झेंडूच्या तोरणाकडे मला पूर्वीसारखे पाहता आले नाही.

काही मेळावे कारवीमुळे लक्षात राहिले. पठारावरची टोपली कारवी उलट्या घातलेल्या टोपलीसारखी गोल वाढते, तर उतारांवरची उंच कारवी, जिच्या काठ्यांनी कुडाच्या भिंती उभ्या राहत आल्या, डोंगरच्या डोंगर व्यापते. दोन्ही साधारण सात वर्षांनी एकदाच फुलतात. उंच कारवी तर बी धरून वाळूनच जाते. म्हणून मंडळातली वडीलधारी मंडळी वर्षे न सांगता “मी तीन कारव्या पाहिल्या” असे म्हणत, आणि पहिलीच कारवी पाहणाऱ्या मुलांना त्या दिवशी सर्वांच्या पुढे चालण्याचा मान मिळे.

२०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा स्थळांच्या यादीत स्थान मिळाले आणि त्यात कासचाही समावेश झाला. गर्दी वाढली. जांभ्या खडकावर ठिकठिकाणी जेमतेम बोटभर माती असते, तिच्यावर पाऊल पडले की पुढच्या वर्षीचे रोप तिथेच दबते. म्हणून मंडळाने दहा-दहा जणांच्या तुकड्या केल्या आणि मळलेली वाट सोडायची नाही असे ठरवले. लांबून निरीक्षण करणे कठीण जाते, पण त्याबद्दल कोणी कधी कुरकुर केल्याचे मला स्मरत नाही.

नोंदवहीतले एक पान सगळ्यांना दाखवले जाते. ते सीतेच्या आसवांचे आहे. ही निळसर जांभळी, करंगळीच्या नखाएवढी फुले ओलसर कातळावर दाटीने उभी असतात. आमच्या वर्गातल्या एका मुलीने पान, देठ, फूल असे सारे रकाने नेटके भरले होते, पण ‘मूळ’ या रकान्यात तिने “सापडले नाही” असे लिहिले आणि रागावणे ऐकायच्या तयारीने वही पुढे केली. बाईंनी त्याखाली तांबड्या शाईने बरोबरची खूण केली. या वनस्पतीला खरी मुळे नसतातच. तिच्या पाण्यातल्या धाग्यांवर सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांत अडकणाऱ्या बारीक जीवांतून ती आपले पोषण मिळवते, कारण या मातीत तिला पुरेसे काही मिळत नाही. दरवर्षी नव्याने आलेले कोणीतरी त्या रकान्यावर बोट ठेवून विचारते, आणि मग कोणीतरी जुना सभासद भिंग घेऊन त्याला वाटेकडेच्या डबक्यापाशी नेतो.